चार दिवस राहिलेलं ड्रेसिंग

मी लंगडत लंगडत ड्रेसिंग रूममधी आलो, एका हातानं नाक दाबलं अन् मडावी बाबांच्या आवाजात म्हणलं, "पाय आणलो बाप्पा, कोणी घेता का?" दोन्ही नर्सबाया पोट धरून हसल्या. मंग एकीचं हसू मधातच बंद पडलं. मागं वळून पाह्यतो, त खुद्द मडावी बाबा दारात उभे.

बाबाही हसले. "बरोब्बर करते पोरगा," म्हणे, अन् बाहेर बाकावर जाऊन बसले. मी ट्रे लावून हाक मारली, तवा बाक रिकामा होता.

चामोर्शीकडच्या एका मिशन दवाखान्यात मी ब्रदर आहो, म्हणजे पुरुष नर्स. नकला करणं शाळेपासूनचं. फादर, डॉक्टर, केरळच्या आमच्या मोठ्या सिस्टर, कोणालेच सोडलं नाई.

मडावी बाबांले शुगर. शुगर जुनी झाली का पायाची नस मरते. काटा रुतला तरी समजत नाई. जखम दुखत नाई म्हणून माणूस निवांत राह्यते, अन् ती आतून सडत जाते. म्हणून मेलेलं मांस कापायचं, धुवायचं, नवी पट्टी बांधायची. रोज म्हणजे रोज. तो दिवस सोमवार होता, अन् शेवटची पट्टी रविवारची.

मंगळवारी बाबा आले नाई. मोठ्या सिस्टरनं विचारलं, "मडावी का नाही आला?"

"मोहाचा सीजन आहे सिस्टर. गेले असन वेचाले."

बुधवारी पण तेच सांगतलं. तोंड असं भोळं केलं का मलेच खरं वाटलं.

मंग आला पवित्र गुरुवार. वधस्तंभावर जायच्या आदल्या दिवशी येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी फादर स्टाफमधल्या बारा जणांचे पाय धुतात. यंदा माझा नंबर होता. आमच्या इथची गंमत अशी, का बाराही जण पाय घरूनच घासून येतात. मी त ऑपरेशन थिएटरमधला हात घासाचा ब्रश नेला, नखं कापले, वरून पावडर मारली. फादरच्या पाण्यात मळ नाई निघाला, पावडर निघाली.

त्याच्या आधी प्रवचनात फादर म्हणले, "नम्रता नसन, त तुमची प्रार्थना अन् उपास नुसता वरचा रंग आहे. ख्रिस्ती जीवन तिच्यावरच उभं राह्यते." मंग म्हातारा माणूस गुडघ्यावर बसला, माझा पाय हातात घेतला अन् बोटाबोटातून पुसला. माझा पाय, ज्याले काहीच झालं नव्हतं.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर मी मोठ्या सिस्टरले सगळं सांगतलं. झापतीन वाटलं.

"उद्या सकाळी सहा वाजता. ट्रे तू घे."

"सिस्टर, तुमीच बोला ना त्याईच्याशी. मले लाज वाटते."

"वाटू दे. बोलणार तूच."

शुक्रवारी गेलो. अंगणात मोहाची फुलं वाळत होती, बाबा खाटेवर पडले होते. सिस्टर बाजूले उभ्या राह्यल्या. मी कोमट पाण्याचं घमेलं घेऊन खाली बसलो. बाबांनी पाय आखडून घेतला.

"राहू दे बापू. वास येते."

"बाबा, चुकलो मी. तुमची नक्कल कराले नव्हती पायजे."

"चुकला कायले? मी तसाच त चालतो."

मी त्याईचा पाय हळूच मांडीवर घेतला. पट्टी सोडली. दोन बोटं काळी पडली होती, अन् काळं घोट्याच्या वर चढलं होतं. सिस्टरनं फक्त डोळे मिटले. मी पाय धुतला, बांधला. बाबांले उचलून गाडीत घेतलं अन् सरळ चंद्रपूर.

तिथले सर्जन म्हणले, "सोमवारी आणलं असतं, तर दोन बोटांवर भागलं असतं." गुडघ्याखालून पाय कापला.

बाबा आता कुबड्यांवर चालतात. जंगलात जाणं बंद झालं. तपासणीले येतात तवा माझी खुशाली विचारतात, माझ्या मायची पण विचारतात. एका शब्दानं कधी टोचलं नाई. टोचलं असतं त बरं झालं असतं.

ड्युटीवर नवीन येणाऱ्याले मी एवढंच सांगतो. ड्रेसिंगचा पेशंट दोन दिवस आला नाई, त तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा. अन् तो काऊन आला नाई हे तुले माहीत असन, त त्याच दिवशी जा.