बाउंड्रीवरून हात कोणी केला?

मंडळी, आज मन अगदी सैरभैर झालंय. कोणाशी तरी बोलायला हवं, म्हणून इथे लिहितेय.

इथे दुबईत, देऱ्यातल्या एका दुकानाच्या ओपनिंगला आपला लाडका, आता रिटायर झालेला फास्ट बोलर आला होता. तासभर लाइनीत उभी राहिले. पर्समध्ये बारा वर्षांपूर्वीचं शारजाच्या मॅचचं तिकीट होतं. बाबांनी ते पासपोर्टच्या कव्हरमध्ये जपलं होतं.

बाबा वर्कशॉपमध्ये फोरमन, शुक्रवारच्या सुट्टीलाही ओव्हरटाइम. आम्ही दोघं मॅचला गेलो ते त्या एकाच शुक्रवारी. मी नऊ वर्षांची. स्टँड स्वस्तातला, खेळाडू मुंगीएवढे दिसायचे. बाउंड्रीवरच्या एकाने हात हलवला आणि बाबा ओरडले, "चिऊ, तो बघ तुझा हिरो! तुलाच हात केला त्याने!"

आज त्याला हे सगळं सांगितलं. तिकीट बघून तो हळूच म्हणाला, "बेटा, उस मॅच में मैं था ही नहीं. घुटने की चोट थी, मैं घर पर था." मग विचारलं, "साइन कर दूँ?"

मी हो म्हटलं. काय करणार?

बाबांना टीममधले अकराच्या अकरा पाठ असायचे. म्हणजे तो खेळत नाहीये हे त्यांना माहीत होतं. बाबांबरोबरची माझी तेवढी एकच सुट्टी, आता तीही खलास. भांडायला ते नाहीत, मार्चमध्ये गेले.

तिकीट स्कॅन करून खाली टाकलंय. तुमच्यापैकी कोणी होतं का तिथे? खरंच कोणी हात केला होता का हो?