माझ्या बाळंतपणाची बढाई

कंग्राळीत शालूबाई कोण म्हणून विचारा, लोक सांगतील, ती जीभ लांब असलेली. खोटं न्हाय ते. तीस वर्षं मी एकच टिमकी वाजवत आले. माझी दोन्ही पोरं घरात झाली, सकाळी रताळी काढून आले, सांजपातूर बाळंत झाले, तोंडातनं हूं काढलं न्हाय. हळदीकुंकवाला, धुणं धुताना, कुणी विचारो न विचारो, मी सांगायची. आताच्या पोरींना जरा कळ आली की डॉक्टर लागतो, असं वर टोमणा हाणायची. खरं जाणणारी एकच होती, आमच्या गल्लीतली सुईण मालुबाई. ती मेली अन् मला रान मोकळं झालं.

धाकट्या विक्रमची बायको रचना बेळगावात शाळेत शिकवते. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण तिचं माहेर पडलं गुंजीला. तिथनं मोठा दवाखाना लांब, म्हणून नववा लागल्यावर आम्ही तिला इथंच ठेवली. म्हणजे जोखीम माझ्यावर आली.

त्या दिवशी सकाळी ती भाकऱ्या थापत होती. मधेच थांबायची, कट्टा धरायची, परत थापायची. मला कळत का नव्हतं? सगळं कळत होतं. पोरगी घट्ट हाय म्हणून मी कौतुकानं बघत बसले. सांगायला लाज वाटती. बारा वाजता थोरल्या सुनेनं, सौम्यानं, तिचा गाऊन भिजलेला बघितला. विचारलं तर म्हणाली, पहाटेच पाणी सुटलंय.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं अन् त्यांचा चेहराच उतरला. पाणी हिरवं झालंय, बाळ आत गुदमरायलंय, ठोके कमी व्हायलेत, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करायला पायजे म्हणाल्या. नर्सनं सहीचा कागद पुढं केला. रचना पेन धरीना. मी कळा काढते म्हणाली. ओठ चावून चावून रक्त आलेलं. विक्रम माझ्या तोंडाकडं बघायला लागला.

रचनानं माझा हात धरला. "आत्ती, तुम्ही केलंसा, मी बी करते. उद्या गावात मला कोण हसाय नको."

माझ्या बढाईपायी नातवंड मरायला लागलंय, एवढं लख्ख कळलं. तरीबी जीभ रेटेना. एरवी गावभर चालणारी जीभ!

"मी खोटं बोलले गं," शेवटी म्हटलं. "दीड दिवस अडले होते मी. ढोरासारखी बोंबलले. मालुबाईचा हात चावला. माझं पोट फाडा पण सोडवा म्हणून मामंजींच्या पाया पडले. कुणी नेलं न्हाय, म्हणून घरात झालं. सही कर, बाई."

विक्रम ऐकत होता, सौम्या ऐकत होती, नर्सबी. माझी मान वर होईना. रचनानं माझ्याकडं बघितलं, मग अशी किंकाळी फोडली की भाईरची माणसं उठून उभी राहिली. ओरडतच तिनं सही केली.

पोरगी झाली. रडायला वेळ लावला, दोन दिवस काचेच्या पेटीत होती, पण जगली.

तिसऱ्या दिवशी सौम्या डबा घेऊन आली अन् बाकावर माझ्याशेजारी बसली. तिला दोन पोरं. दोन्ही वेळेला तिनं तोंडात टॉवेलचा बोळा कोंबला होता, अन् मी भाईर बायकांना सांगत होते, बघा माझी सून. तिनं आवाज चढवला न्हाय. रागानं बोलली असती तर मीबी तोंड सोडलं असतं.

"दुसऱ्या खेपेला मला लई भ्या वाटत होतं आत्ती," ती म्हणाली. "मला तरी सांगायचं होतंसा."

तिनं डबा उघडून माझ्यापुढं सरकवला, जेवा म्हणाली.