डॉक्टरांचे सत्तर टक्के

उत्तनच्या किनाऱ्यावर सुक्या बोंबलाचा ढीग मी वजन न करता, नजरेनेच विकत घेतो. सगळी उमर हेच केलं. दोन ढिगांचा अंदाज कधी कधी सारखाच येतो. पण एकात मी कोपरापर्यंत हात घालून पाहिलेला असतो, आणि दुसऱ्याची मालकीण म्हणते, "हात न्हाय लावायचा, बाहेरून बघ." त्याच्या पोटात ओल निघू शकते. तिथे माझ्याच अंदाजावर माझा भरवसा नसतो, म्हणून भाव पाडतो. याच धंद्यावर भाईंदरला घर घेतलं, कोणाच्या मेहेरबानीवर नाही.

बायकोच्या मेंदूतली नस फुगली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काका, ऑपरेशनमधून त्या नीट बाहेर यायची शक्यता सत्तर टक्के. संध्याकाळच्या आत ठरवा."

"हे सत्तर हात घालून की बाहेरून?"

त्यांना कळलं नाही. मी सरळ विचारलं, "या सत्तरची तुम्हाला स्वतःला खात्री किती?"

"तसं नसतं, काका. जी काही खात्री नाही, ती त्या सत्तरमध्येच धरलेली आहे."

"मग उद्या नवा रिपोर्ट आला तर आकडा हलेल?"

"हलेल. चाळीस होईल, नाहीतर नव्वद."

"मग पक्का कसला?"

"उद्यापर्यंत थांबता येणार नाही."

माझं डोकं फिरलं. सवयीने खुर्ची मागे सारली आणि दाराकडे निघालो. मागून आवाज आला, "बरं, ऐंशी धरा."

बाजारात एवढं ऐकण्यासाठीच मी उठतो. इथे दारातच थांबलो. गिऱ्हाईक चाललं म्हणून जो आकडा वर जातो, तो आधी तरी खरा होता का? त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

वॉर्डात बायकोने विचारलं, "किती म्हणाले?"

"आधी सत्तर. मग ऐंशी."

"म्हणजे इथेही घासाघीस करून आलात." ती हसली. हसताना तोंडाचा एक कोपरा हलत नव्हता. "करा सही."

सही केली. ऑपरेशन झालं. तिने अजून डोळे उघडलेले नाहीत. आयसीयूच्या काचेबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितोय. सकाळी तेच डॉक्टर आले. ते तोंड उघडणार तोच मी म्हणालो, "आकडा सांगू नका." ते तसेच आत गेले. तेव्हापासून एकच गोष्ट मला खातेय, त्यांच्याकडे सांगण्यासारखा आकडा होता की नव्हता.