आधी मिस्त्री, मग टाकी

चपला पायरीवर जोडीने ठेवायचा. पाना पुसल्याशिवाय पिशवीत टाकायचा नाही. वाचायला नेलेलं पुस्तक पाण्याचा एक डाग न पाडता परत करायचा. आणि कुठलीही टाकी दिसली की बोटाच्या पेराने वाजवून बघायचा, दुसऱ्याच्या घरची असली तरी.

नायगावचा आनंदराज. नळाचा मिस्त्री. लातूरमधल्या मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर स्वप्नाली त्याला पुस्तकं द्यायची, म्हणून ओळख आणि मग दोस्ती.

जूनमध्ये तिने त्याला बोलावलं. मोठ्या गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा ठिबकायचा. लातुरात वाया जाणारा थेंब कुणाला बघवत नाही. मालक गुरुबसप्पांनी व्हॉल्व्हलाच बूच मारलं होतं.

ते पाहताच आनंदराजने मेन स्विच पाडला.

"आप्पा, बॉम्बच करून ठेवलाव की!"

गिझर पुरता निवल्यावरच त्याने बूच काढलं. मग स्वप्नालीला समजावलं. पाणी तापलं की फुगतं. मागच्या पाइपावर एकेरी व्हॉल्व्ह, त्यामुळे परत जायला वाट नाही. त्या फुगलेल्या पाण्याला जागा म्हणून शेजारी छोटी टाकी हवी. आत रबराची पिशवी, पलीकडे हवा.

दुसऱ्या दिवशी तो टाकी घेऊन आला. नळातला दाब मोजला. सायकलच्या पंपाने टाकीत तेवढीच हवा भरली.

"आता पाइपालाच टांगा अन् मोकळे व्हा," गुरुबसप्पा म्हणाले. "उद्या पोरी यायल्यात."

"रिकामी चार किलोची हाय, आप्पा. रबर फाटून पाणी भरलं की तीसची. पाइप किती दिवस धरंल?"

त्याने भिंतीत ब्रॅकेट बसवला आणि टाकीऐवजी स्वतःच त्याला लटकला.

"मिस्त्री, टाकी बसवायचीय का झोका?" गुरुबसप्पांनी विचारलं.

तेवढ्यात ब्रॅकेट प्लास्टरसकट निसटला. आनंदराज बदकन खाली. भिंत आतून भुसभुशीत होती.

स्वप्नाली धावली. तो कंबर चोळत हसत होता.

"म्या पडलो तर उठतो, ताई. टाकी पडली तर खाली बादल्या घेऊन पोरी असत्यात."

गुरुबसप्पा स्वतः जाऊन वेल्डरला घेऊन आले. संध्याकाळी फरशीत रोवलेला लोखंडी स्टँड उभा राहिला. आनंदराज त्यावर चढला.

"या की, आप्पा."

धोतर सावरत गुरुबसप्पाही चढले. स्टँड हलला नाही. मग टाकी बसली. गिझर तापला, व्हॉल्व्हला आता बूच नव्हतं, तरी थेंब पडला नाही. हा माणूस आपला दोस्त आहे, हे स्वप्नालीला गावभर सांगावंसं वाटलं.

जाताना त्याने टाकीवर मार्करने लिहिलं: हवा बघणे, १४ तारीख.

बारा तारखेला सकाळी, नायगावला, चहा पिता पिता तो गेला. बावन्न वर्षांचा होता.

चौदाला मुली हसत-भांडत बादल्या भरत होत्या. स्वप्नालीने पेराने टाकी वाजवली. वर पोकळ, म्हणजे हवा; खाली भरीव, म्हणजे पाणी. स्टँड जागचा हलला नव्हता. त्याचा सायकलचा पंप कोपऱ्यात तसाच होता.

हवा बघायची राहिली.