माणसाले हँडल नसते

फिटर काकांच्या मोजणीत दोन हा आकडा फार क्वचित यायचा. मी पोतं उचलायचो, ते म्हणायचे, "एक." मी पुन्हा उचलायचो, ते पुन्हा म्हणायचे, "एक." सातव्यांदा उचलून मी धापा टाकत विचारायचो, "काका, अजून एकच?" तर खुर्चीवर मांडी घालून बसलेले काका बशीतला चहा फुंकत म्हणायचे, "सात बनवले, सहा रिजेक्ट. मी काय करू? पाठ वाकवून उचलून राहिले तुम्ही, साहेब." खूश असले की ते मला अरे-तुरे करायचे आणि रागावले की 'साहेब' म्हणून अहो-जाहो. पहिले कित्येक महिने त्यांनी मला अतिशय आदराने वागवलं.

काका हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. नोकरीची शेवटची सहा वर्षं त्यांनी तयार माल तपासायच्या टेबलावर काढली. जगातल्या बहुतेक गोष्टी केराच्या पेटीत टाकण्याच्या लायकीच्या असतात, हे मत त्यांनी तिथूनच आणलं असावं. कॉलनीत नव्याने आलेल्या शिकल्यासवरल्या मंडळींना मात्र ही नोकरी ठाऊक नव्हती. सत्तरीच्या माणसाचे दंड असे कमावलेले आहेत, म्हणजे आपण सगळे फिट आणि हे फिटर, असा त्यांनी इंग्रजी व्याकरणाला धरून अर्थ लावला होता. एका आयटीवाल्या पोराने तर मला गंभीरपणे विचारलं, की मग फिटेस्ट कोण, आणि ते क्लास घेतात का? मी त्याला गोतमाऱ्यांचं दार दाखवलं. गोतमारे आमचे शेजारी. त्यांचं पोट त्यांच्या पुढे चालायचं आणि सल्ला पोटाच्याही पुढे.

आमचं घर दोन मजली. वर आम्ही, खाली जुने भाडेकरू म्हणून काका एकटेच. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी अमरावतीला दिलेली. मागच्या अंगणात टिनाच्या शेडखाली त्यांचं जिम होतं, निदान ते तरी त्याला जिम म्हणायचे. रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून त्यात नळाच्या पाइपाचे तुकडे रोवलेले, ती वजनं. खिडकीच्या गजांना सायकलच्या जुन्या ट्यूबा बांधलेल्या, त्या ओढून खांदे कमवायचे. दोन भिंतींमध्ये एक जाड पाइप बसवलेला, त्यावर सकाळी काका लोंबकळायचे आणि बाकी दिवसभर त्यांची बनियन. सगळ्याचा मिळून खर्च माझ्या बुटांच्या एका जोडापेक्षा कमी असेल. पण ट्यूब ओढायच्या आधी ते ती टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपायचे, गाठ दोनदा ओढून बघायचे. "तुटली तं पहिले डोया फुटते," म्हणायचे. "स्वस्त हाये म्हणून फालतू नाही वापरायचं, बावा."

या माणसाच्या तावडीत मी आपण होऊन सापडलो नाही. झालं असं, की आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, डोकं मात्र पूर्वीइतकंच तल्लख राहिलं, आणि तेच वाईट झालं. तिला पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून बाथरूममध्ये न्यायचं तर उचलावं लागे. बायको नाजूक, आणि मी बँकेत सोळा वर्षं खुर्ची उबवलेला. दोघं मिळूनही जमेना. मग हाक मारायची गोतमाऱ्यांना. ते बिचारे जेवणावरून उठून यायचे, पण येताना "चला काकू, हुप्प!" असं जिन्यातूनच ओरडत यायचे. ते काखेत हात घालायचे तेव्हा आई डोळे मिटून घ्यायची.

थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की तिच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा गिलास संध्याकाळीही भरलेलाच असतो. डॉक्टर रागावले, लघवीला जंतुसंसर्ग झाला होता. मी विचारलं, "आई, पाणी काहून नाही पित तू?" तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग तुटक तुटक म्हणाली, "पानी पेलं की... उठा लागते. उठलं की... तो येते." परक्या माणसाने दिवसातून चारदा अंगाला हात लावावा, त्यापेक्षा तहान बरी, असं तिने ठरवलं होतं. मला त्या दिवशी स्वतःची जितकी लाज वाटली तितकी कधी वाटली नव्हती.

लाज वाटली की मध्यमवर्गीय माणूस खरेदी करतो. मीही केली. चकचकीत बाकडं, क्रोमचे डंबेल्स, दोरी-कप्प्या असलेलं एक यंत्र आणि 'थांबू नका' असं लिहिलेली बिनबाह्यांची बनियन. यंत्र जोडायलाच दोन माणसं आली. तीन महिने मी आरशापुढे घाम गाळला. दंडाला उभारी आली, बँकेत दोघांनी विचारलंसुद्धा. मग एका रविवारी मोठ्या ऐटीत आईला उचलायला वाकलो. ती जागची चार बोटं हलली आणि माझी कंबर कायमची तिथेच राहते की काय असं वाटलं. त्यानंतर यंत्रावर बायकोने ओले टॉवेल वाळत घातले. त्या कामाला ते उत्तम होतं, कप्पीमुळे दोरी वरखाली करता यायची.

माझं कण्हणं खालपर्यंत ऐकू गेलं असणार, कारण काका वर आले. वहिनीला हात लावणं त्यांच्या नेमात बसत नव्हतं, म्हणून तर गोतमाऱ्यांना बोलवावं लागे. ते आईच्या खोलीत कधी जात नसत, दारातूनच "बरं हाये ना, वहिनी?" विचारायचे आणि उत्तराआधी वळायचे. त्यांनी टॉवेल बाजूला करून यंत्र बघितलं, डंबेल हातात घेऊन फिरवला, कौतुकाने मान हलवली.

"लय मस्त हाये, साहेब. कसं पकडाले गोल गोल बनवलं. बोटं कशी बरोबर बसते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनीले असं हँडल कुठी हाये?"

मी डंबेल त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवला.

"माणसाले हँडल नसते, बावा. लोखंड जागच्या जागी राहाते. माणूस हातातून सांडते, इकडून धरलं तं तिकडून घसरते. तुले पोतं उचलाचं शिका लागते. उद्या सहाले खाली ये. अन् ते बनियन घालून येऊ नको, मले हसू येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ओळख एका सिमेंटच्या जुन्या पोत्याशी झाली. आत दहा किलो रेती, आणि तीही मुद्दाम सैल भरलेली, म्हणजे उचललं की सगळी एका बाजूला जायची. ते खुर्चीवर ठेवायचं, समोर पाय फाकवून गुडघ्यांत वाकायचं, दोन्ही हातांनी छातीशी कवटाळायचं आणि मांड्यांच्या जोरावर उभं राहायचं. मग अर्धं वळून दुसऱ्या खुर्चीवर ठेवायचं. ठेवायचं, टाकायचं नाही. धपकन आवाज झाला की रिजेक्ट. दर आठवड्याला काका त्यात दोन लोटे रेती वाढवायचे. वजनकाटा भंगारातून आणलेला होता आणि त्याच्याशिवाय काका कोणावर विश्वास ठेवत नसत.

रोज सकाळी एक गृहस्थ अंगणात पोत्याला मिठी मारतो, हे दृश्य कॉलनीने मनापासून बघितलं. दूधवाला तर सायकल थांबवायचा. बायकोने गॅलरीतून एकदा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "लग्नाले बारा वर्षं झाली, मले कधी इतक्या प्रेमानं नाही धरलं!" काका म्हणाले, "त्याले आधी नीट धराले तं येऊ दे, सूनबाई. मंग पाहू." गोतमाऱ्यांनी कुंपणावरून आपलं मत दिलं, की या वयात हे असले प्रकार हृदयाला वाईट, आणि चालणं सगळ्यात चांगलं. गोतमारे चालायचे पानठेल्यापर्यंत.

पोतं पस्तीस किलोचं झालं आणि मला आत्मविश्वास आला. आई अठ्ठेचाळीस किलोची होती, पण मी म्हटलं, तेरा किलोने काय होतंय? काकांना न विचारता एका दुपारी तिला उचलायला गेलो. उचललंही. वळताना तिचा उजवा पाय चटईत अडकला, ती घसरली, तिच्याखाली मी, आणि दोघंही जमिनीवर. तिला लागलं नाही. पण ती माझ्या छातीवर डोकं टेकून रडत होती आणि मला तिला उठवता येत नव्हतं. शेवटी गोतमारेच आले. "हुप्प!"

काकांना कळलं तेव्हा ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी पोतं उपडं केलं, सगळी रेती अंगणात पसरली आणि माझ्या हातात फावडं दिलं. "भरा, साहेब. पोतं पडलं तं रेती सांडते, फावड्यानं भरता येते." एवढं बोलून घरात गेले आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी मी बँकेत उशिरा पोचलो.

नंतर मी मुकाट्याने त्यांच्या गतीने चाललो. पोतं पन्नासला गेलं. आईच्या निकामी पायासारखं काहीतरी लटकावं म्हणून काकांनी त्याला एका बाजूने रेतीने भरलेली जुनी पँट शिवली होती. कॉलनीची करमणूक आणखी वाढली. मार्चमध्ये एका सकाळी ते म्हणाले, "जा आता वर. मी जिन्यात हाये." आत या म्हटलं तर आले नाहीत. "तिले तमाशा नाही पायजे," म्हणाले.

मी आईसमोर गुडघ्यांत वाकलो, तिच्या गुडघ्यांना माझे गुडघे लावले, तिला छातीशी धरलं आणि उभा राहिलो. वळलो. खुर्चीवर ठेवलं. आवाज झाला नाही. आईने आधी डोळे मिटलेले होते, ते उघडून इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "तो... नाही आला?"

"नाही. आता नाही येणार."

बसल्या बसल्याच तिने दोन गिलास पाणी मागून घेतलं. मी जिन्यात जाऊन सांगितलं तर काका पायरीवरून उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "मंग? पानी पेणं काय मोठी गोष्ट हाये काय?" पण त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी साहेब राहिलो नाही.

आईला आता खाली यायचं होतं. सव्वा वर्षात तिने अंगण पाहिलं नव्हतं. काका मात्र जिन्याला तयार नव्हते. "चढणं सोपं. उतरताना तुह्ये पाय तुले दिसत नाही, मधात वहिनी राहाते. पायऱ्या पायाले पाठ झाल्या पायजे." भर मे महिन्यात, सकाळी सातलाच टिन तापायला लागलेलं असताना, मी पोतं पोटाशी धरून, मान वर करून त्या सतरा पायऱ्या उतरायचो. खाली काका हात पुढे करून उभे राहायचे. तेराव्या पायरीचा कोपरा तुटका होता, तो त्यांनी स्वतः सिमेंटने भरला. रोज विचारायचो, "काका, आणू का आज आईला?" रोज एकच उत्तर, "अजून नाही, गा."

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी मी खाली गेलो, तर काका खुर्चीवर बसलेले होते, चहा बशीत तसाच होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. अगदी शांतपणे गेले. मी शेडमध्ये जाऊन पोत्यावर बसलो आणि हमसून रडलो. बाप गेला तेव्हाही इतका रडलो नव्हतो.

अमरावतीहून मुलगी आली. अंगणात माणसं जमली. आणि जमलेल्या माणसांना बोलायला विषय मिळाला, मेलेला माणूस व्यायाम करत होता. असा विषय रोज मिळत नाही. एक म्हणाला, अति केलं की असंच होतं. दुसरा म्हणाला, आमचे आजोबा रोज दोन बिड्यांचे कट्टे ओढून नव्वद जगले. आयटीवाल्या पोराने घड्याळात आपले ठोके मोजून घेतले.

मी वर गेलो तर आई तयार बसली होती. बायकोने तिला पांढरं लुगडं नेसवलं होतं. "मले खाली ने," ती म्हणाली. मी म्हटलं, काका नाही म्हणायचे. ती म्हणाली, "आता कोनाले विचारशील?"

मी तिला उचललं. तिने डावा हात माझ्या मानेत टाकला. जिन्याच्या तोंडाशी बायको उभी होती, ती बाजूला सरकली. माझे पाय मला दिसत नव्हते. एकेक पायरी पावलाने चाचपत मी उतरलो, कुठेही थांबलो नाही. अंगणातली माणसं बाजूला झाली. दोघंतिघं धावत आले होते, ते हात पुढे करून तसेच राहिले. अंगणात बाजेवर ठेवलेल्या काकांच्या पायाशी त्यांची खुर्ची होती, तिच्यावर मी आईला बसवलं. तिने त्यांच्या पायाला डावा हात लावला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला.

गोतमारे मागे उभे होते. त्यांनी सुस्कारा सोडला आणि चारचौघांच्या वतीने विचारलं, "एवढी कसरत केली जन्मभर. काय फायदा झाला सांगा?"

आईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बोलायला तिला वेळ लागला, सगळे थांबले.

"मी... खाली आली ना," ती म्हणाली.