औषधावर पाणी नाही

लातूरच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवणाऱ्या महानंदा मॅडमचा आवाज माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत जायचा. याच आवाजानं तिला वाचवलं होतं. भूकंपात घर कोसळलं तेव्हा बारा वर्षांची महानंदा दगडमातीखालून "आई, आई" ओरडत राहिली, म्हणून जवानांना सापडली. आई, गुणाबाई, हातभर अंतरावर होती. तिनं ओ दिली नाही.

तेव्हापासून महानंदाला दमा, आणि दम्याला तोंडानं ओढायचा औषधाचा पंप.

वीस वर्षांनी तो आवाज बसला. दोन महिने झाले तरी उठेना. लातुरातल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, स्वरयंत्रावर पांढरे चट्टे दिसले आणि तोंडावरच सांगून टाकलं, "कॅन्सरच दिसतोय. स्वरयंत्र काढावं लागेल." महानंदाच्या पायाखालची जमीन पुन्हा सरकली. आवाजाशिवाय ती कोण होती?

"तुकडा तपासल्याबगर कुणाचं ऐकायचं न्हाई," म्हणत नवरा रामलिंग तिला नांदेडला घेऊन गेला. तिथं तुकडा काढून तपासायला दिला आणि आठ दिवस दोघांनी रिपोर्टची वाट पाहिली.

"कॅन्सर नाही," नांदेडच्या डॉक्टरीणबाई रिपोर्ट वाचत म्हणाल्या, "बुरशी आहे. गोळ्यांनी जाईल."

रामलिंग मटकन खुर्चीत बसून रडायला लागला. दरवर्षी फळ्यावर महानंदा हीच बुरशी काढून दाखवायची! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"पंप घेतल्यावर चूळ भरता ना? नाहीतर औषध घशात राहतं आणि बुरशी धरते."

महानंदानं नकारार्थी मान हलवली.

"कुणी सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं. पण लहानपणी मधातलं चाटण दिलं की गुणाबाई दटावायची, "अवशिदावर पाणी न्हाई प्यायचं, गुण धुऊन जातो." आईचा साधा फोटोसुद्धा ढिगाऱ्यातून निघाला नव्हता. उरला होता हा एवढा शब्द. तो महानंदानं दिवसातून दोनदा पाळला होता, आणि तोच तिच्या गळ्याशी आला होता.

घरी आल्यावर तिनं पंप ओढला, तांब्या उचलला, तोंडात पाणी घेतलं आणि मोरीपाशी नुसतीच उभी राहिली.

"थुंक की," रामलिंग हळूच म्हणाला.

तिनं चूळ टाकली. मग बसक्या, फाटक्या आवाजात, ढिगाऱ्यातून निघाल्यापासून पहिल्यांदाच, तिनं हाक मारली, "आई!"