पाली ते चिपळूण, डाव्या सीटवरून

तेजल तांबेने आठ वर्षांत रत्नागिरीतल्या तीनेकशे बायकांना गाडी शिकवली होती. ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीत तिच्या पायाखालीही एक ब्रेक असायचा आणि तो दाबायला तिचा पाय कायम टपलेला असायचा. गणपती-गौरींच्या विसर्जनानंतरच्या सकाळी, पालीजवळच्या शिगवणांच्या वाडीत ती ज्या गाडीत बसली, तिला तो दुसरा ब्रेक नव्हता. गाडी मथुराकाकींची, स्वतःची.

मथुरा शिगवण चौपन्न वर्षांच्या. मुलाने, राकेशने, गाडी घेऊन दारात उभी केली आणि तो मुंबईला नोकरीवर परत गेला. नवरा काशीराम, त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. वर्षभर गाडीवर झाडाचा पाला पडत राहिला. मग एक दिवस काकी एसटीने रत्नागिरीला गेल्या आणि तेजलच्या शाळेत नाव घालून आल्या. लायसन्स हातात येऊन पंधरा दिवस झाले होते. आज चिपळुणात त्यांच्या मुलीचं, वेदिकाचं, शिवणकामाचं दुकान उघडायचं होतं. मुहूर्त अकराचा.

"बाय, तू नुसती बाजूला बस," काकी म्हणाल्या होत्या. "चालवीन मी. पण बाजूला कोणतरी जाणता हवा."

"आज हायवेवर सगळी मुंबई परत निघालेली असणार, काकी."

"म्हणूनच तर तुला बोलावला."

तेजलला नाही म्हणवेना. खरं तर तिलाही जायचं होतं.

साडेसहाला ते निघाले. मागच्या सीटवर काशीराम, मांडीवर नारळ आणि पेढ्यांचा पुडा. हातखंब्यापर्यंत रस्ता बरा होता. निवळी मागे पडली आणि गाड्यांची रांग लागली. टपावर बोचकी, मागच्या काचेत गणपतीचे फोटो, खिडकीतून बाहेर आलेले पोरांचे हात. दोन्ही लेन भरून वाहत होत्या, आणि डाव्या लेनमध्ये काकींच्या पुढे जांभ्याचे चिरे भरलेला एक ट्रक चालला होता. चालला होता म्हणजे रांगत होता.

दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. काकी ट्रकच्या मागेच.

"काकी, असंच गेलो तर दुकान उघडून बंद व्हायची वेळ होईल," तेजल म्हणाली.

"मी कुणाच्या वाटेत जात नाय. बरा हाय माझा डावीकडे."

तेजलला ही भीती ठाऊक होती, कारण ती तिची स्वतःची होती. आठ वर्षांपूर्वी, शिकवायला लागल्याच्या पहिल्या महिन्यात, मारुती मंदिराच्या रस्त्यावर तिने आरशात पाहिलं, आरसा रिकामा होता, आणि तिने गाडी उजवीकडे घेतली. आरशाला न दिसणाऱ्या कोपऱ्यात एक स्कूटर होती. स्कूटरवरच्या बाईचं कोपर खरचटलं, बाकी काही झालं नाही. बाई उठून, पदर झटकून, "मान वळवून बघत जा गो," एवढंच म्हणून निघून गेली. पण त्या दिवसापासून तेजलचा पाय ब्रेकवरून हलला नाही. शिकणारीने चूक करायच्या आत ती ब्रेक दाबायची. गेल्या वर्षी मनस्वी नावाची एक मुलगी चिडून म्हणाली होती, "मॅडम, गाडी तुम्हीच चालवता, मी फक्त स्टिअरिंग धरते." तेजल त्या दिवशी हसली होती. घरी गेल्यावर मात्र तिला जेवण गेलं नव्हतं.

आता तिच्या पायाखाली नुसती रबरी चटई होती.

"काकी, आधी ट्रकपासून जरा मागे राहा," ती म्हणाली. "चिकटून राहिलात तर पुढचं काही दिसत नाही, आणि बाहेर पडायला जागाही उरत नाही. हां. आता मधल्या आरशात बघा, मग उजव्या. काय दिसतंय?"

"पांढरी गाडी. जोरात येते."

"येऊ दे, जाऊ दे. तिच्या मागे?"

"जागा हाय. मग एक निळी. लांब हाय."

"मग उजवा दिवा लावा. लावला म्हणजे रस्ता आपला झाला असं नाही, आपण फक्त विचारतोय. तीनचार टिकटिक होऊ द्या. आता मान वळवा, खांद्यावरून, पटकन. रिकामं?"

"रिकामा."

"वेग कमी करू नका, उलट थोडा वाढवा. हळूच जा. स्टिअरिंग ओढायचं नाही."

गाडी उजवीकडे सरकली. पांढऱ्या रेषेवरून चाकं गेली तसा बारीक थरथराट झाला आणि चिऱ्यांचा ट्रक डावीकडे मागे जाऊ लागला. तेजलच्या लक्षात आलं, की आपण चटई एवढ्या जोराने दाबली आहे की पोटरीत गोळा आलाय.

"आता परत डावीकडे. ट्रकचं अख्खं तोंड मधल्या आरशात दिसेपर्यंत नाही. दिसलं?"

"दिसला. ड्रायव्हर चाय पितो."

मागून काशीराम पहिल्यांदाच बोलले. "वेदिकाची आई, झाला?"

"झाला," काकी म्हणाल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "आता पुढचा कोण?"

संगमेश्वरपर्यंत त्यांनी चार ट्रक, दोन टेम्पो आणि एक टँकर मागे टाकला. आरसा, दिवा, मान, मग स्टिअरिंग. तिसऱ्या गाडीनंतर तेजलने सांगणं थांबवलं. काकी स्वतःशीच पुटपुटत होत्या. एकदा दिवा लावल्यावर मागच्या गाडीने वेग वाढवून जागा बुजवली, तर त्या "जा बाबा, तुला घाई हाय" म्हणाल्या आणि दिवा बंद करून पुन्हा वाट बघत राहिल्या. तेजलला इतका आनंद झाला की तिने खिडकीबाहेर तोंड करून तो लपवला.

सावर्डे गेलं. चिपळूण जवळ आलं तशी गर्दी आणखी दाटली. काकी उजव्या लेनमध्ये होत्या, आणि बाजाराकडे उतरणारा रस्ता डावीकडे होता. घड्याळात दहा पन्नास.

"तो बघ फाटा," काशीराम पुढे वाकून म्हणाले. "घे डावीकडे. घुसव."

काकींनी डावा दिवा लावला. आरशात पाहिलं. एका एसटीच्या पुढे जागा होती, गाडीपुरती, आणि एसटीच्या ड्रायव्हरने हाताने या म्हणून खूणही केली. तेजलनेही आपल्या बाजूच्या आरशात पाहिलं. तिला जागा रिकामी दिसली. "जा" हा शब्द तिच्या ओठांवर आला होता.

काकींनी मान वळवली आणि स्टिअरिंग होतं तसंच धरून ठेवलं.

दुसऱ्याच क्षणी तेजलच्या काचेला जवळजवळ घासून एक मोटारसायकल सुसाट पुढे गेली. मागे बसलेल्या बाईच्या कडेवर लहान मूल होतं.

फाटा मागे गेला.

तेजलला ती मोटारसायकल दिसलीच नव्हती. आठ वर्षं जे ती रोज घसा कोरडा करून सांगत होती, ते आज तिनेच केलं नव्हतं. तिने फक्त आरसा पाहिला होता.

"चुकला फाटा," काशीराम हळूच म्हणाले.

"चुकू दे," काकी म्हणाल्या. "पुढे दुसरा असेल. काय गो बाय?"

"आहे, काकी. असतोच." तेजल त्यांच्याकडे वळली. "तुम्हाला ती गाडी कशी दिसली?"

"तूच सांगतेस ना, मान वळव म्हणून. मी वळवली."

पुढच्या वळणाच्या अर्धा किलोमीटर आधीच काकी डाव्या लेनमध्ये आल्या. या खेपेला काशीरामांनी घाई केली नाही, मागच्या काचेतून तेही बघत होते. गाडी आत वळून गल्लीबोळांतून दुकानापाशी पोचली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. वेदिका रिबीन धरून दारात उभी होती. भटजी निघून गेले होते. आईला ड्रायव्हरच्या दारातून उतरताना बघून ती रिबीन टाकून धावतच आली.

"तू चालवलीस? एवढ्या गर्दीतून?"

"मीच. विचार तेजलबायला."

तेजलने काकींचे दोन्ही हात धरले. तळवे घामाने ओले होते, आणि तिचेही. "वेदिका, आज तुझ्या आईने मला शिकवलं," ती म्हणाली. काकींना ते कौतुक वाटलं आणि त्यांनी "चल, पेढा खा" म्हणून ते उडवून लावलं. तेजलनेही तिथे जास्त काही सांगितलं नाही. सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, शाळेत, नव्या चार बायकांपुढे, स्कूटरवाल्या बाईपासून मोटारसायकलवरच्या मुलापर्यंत सगळं.

त्या महिन्यापासून तिने रविवारचा हायवेचा तास सुरू केला. गाडी ज्या बाईची, तिच्याच गाडीत, दुसऱ्या ब्रेकशिवाय. पहिल्या रविवारी मनस्वीच आली. हातखंब्यापर्यंत तेजलचा पाय चटईवर दोनदाच आपटला, आणि मनस्वीने ते मोजलं होतं.

मथुराकाकी आता दर गुरुवारी चिपळूणला जातात. जाताना लेकीसाठी फणसाचे तळलेले गरे, येताना बाजार. परवा त्यांचा फोन आला होता, मुंबईहून राकेश आलाय म्हणून.

"गाडी चालवायला बसला तो," काकी सांगत होत्या. "दिवा न लावता ह्या लेनमधून त्या लेनमध्ये, त्या लेनमधून ह्या. पालीच्या बाजारात उतरवला त्याला आणि मी बसले."

"मग? रागावला?"

"रागावला थोडा. मग मागे बसला, बापाशेजारी. आता दोघं मान वळवून बघतात."